सातशे किलोमीटर म्हणजे किती तास?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

श्रोतेहो, कोल्हापूरपासून नागपूर किती लांब आहे, असा प्रश्न तुम्हाला कोणी विचारला तर काय सांगाल? प्रश्न साधा आहे. पण उत्तर कोण देतो त्यावर ते बदलते. रेल्वेला विचारा, ती बाराशे किलोमीटरच्या आसपास सांगेल. सोलापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ असा मोटारीने जाणारा माणूस आठशेच्या वर आकडा सांगेल. आणि विमानाला विचाराल तर ते म्हणेल, सातशे. दोन्ही गावे आपापल्या जागी आहेत, त्यांच्यातली जमीनही तेवढीच आहे. मग हा पाचशे किलोमीटरचा फरक कुठून आला? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या सातशे किलोमीटरना तास किती लागतात? आज या दोन प्रश्नांबद्दल बोलायचे आहे.

आधी सातशेचा आकडा कसा येतो ते पाहू. त्याला संगणक लागत नाही. शाळेचा नकाशासंग्रह, कागद आणि पेन्सिल एवढ्यावर भागते. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे, साधारण १६ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशावर. नागपूरचा सोनेगावला, २१ अंश ५ मिनिटांवर. म्हणजे उत्तरेकडे सुमारे ४.४ अंश जायचे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. तेव्हा हे झाले ४९० किलोमीटर. आता पूर्वेकडे. कोल्हापूरचे रेखांश ७४ अंश १७ मिनिटे, नागपूरचे ७९ अंश ३ मिनिटे. फरक पावणेपाच अंशांचा. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जातात, त्यामुळे आपल्या भागात एका अंशाचे साधारण १०५ किलोमीटरच भरतात. म्हणजे पूर्वेकडे ५०० किलोमीटर. एक बाजू ४९०, दुसरी ५००. आता शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा. तिरकी बाजू काढली की उत्तर येते सातशे. मी हे गणित कागदावर मांडले तेव्हा मला एका योगायोगाची गंमत वाटली. ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुल्या झालेल्या नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाची लांबीही ७०१ किलोमीटर आहे.

रेल्वेचे बाराशे कसे होतात? कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आठवा. ही गाडी मिरज, सांगली, सातारा करत पुण्याला येते. तिथून दौंड, अहिल्यानगर, मनमाड, मग जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा आणि नागपूर. पुढे ती गोंदियापर्यंत जाते. एकूण धाव सुमारे १३४६ किलोमीटरची आणि सगळी एकाच राज्यात. ज्याला नागपूरला जायचे आहे त्याला ती आधी मनमाडपर्यंत वर नेते आणि मग उजवीकडे वळवते. यात रेल्वेचा दोष नाही. इंग्रजांनी रूळ टाकले ते मुंबई बंदर डोळ्यांपुढे ठेवून. कापूस बंदरावर पोचावा, फौज आत जावी, हा हिशेब होता. कोल्हापूरच्या माणसाने थेट नागपूरला जावे हा त्यांच्या कामाचा भाग नव्हता. रूळ एकदा पडले की ते शंभर-दीडशे वर्षे हलत नाहीत आणि त्यांच्यावरून जाणारी माणसे तोच वळसा पिढ्यान् पिढ्या घालत राहतात.

विमानाची खरी कमाई इथे आहे. ते वेगाने जाते हे खरेच, पण वळसा वाचवते हे जास्त खरे. मुंबई–पुण्याचे उदाहरण घ्या. दोन्ही विमानतळांतले सरळ अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि रेल्वेचे १९२. १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन हे अंतर सव्वातीन तासांच्या आत-बाहेर कापते आणि शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात नेऊन सोडते. तिथे विमानाचा पाड लागत नाही. पण जिथे रेल्वे दुप्पट लांबून जाते आणि रस्ता घाटांतून नि गावांतून जातो, तिथे विमानाला मोल येते.

आता तासांकडे वळू. इथे माणसाची बहुतेक वेळा फसगत होते. आपण म्हणतो, जेट विमान तासाला आठशे किलोमीटर जाते, अंतर सातशे, म्हणजे ५२-५३ मिनिटे. पण अशा अंतराच्या उड्डाणाला वेळापत्रकात साधारण एक तास वीस मिनिटे दिलेली असतात. पंख्यांचे एटीआरसारखे विमान तासाला पाचशेच्या वेगाने जाते. त्याला पावणेदोन तासांच्या वर लागतात. मधली मिनिटे कुठे गेली?

पहिली गोष्ट म्हणजे वेळापत्रकातला वेळ हा आकाशातला वेळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हलले तेव्हा घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या गावी जागेवर येऊन थांबले की बंद होते. धावपट्टीच्या टोकापर्यंत सरकत जाणे, परवानगीची वाट पाहणे, उतरल्यावर पुन्हा सरकत येणे, हे सगळे त्यात धरलेले असते.

दुसरी गोष्ट, आठशेचा वेग हा वर पोचल्यावरचा. विमान चढत असताना आणि उतरत असताना हळू जाते. दहा हजार फुटांच्या खाली तर सर्वसाधारणपणे ताशी अडीचशे नॉट, म्हणजे साडेचारशे ते पावणेपाचशे किलोमीटरच्या वर जायचे नसते. लांबच्या प्रवासात हा चढ-उताराचा वेळ जाणवत नाही. सातशे किलोमीटरच्या प्रवासात तो निम्म्याहून जास्त असू शकतो. वर पोचून चहाचा कप हातात येईतो उतरायची सूचना होते, त्याचे कारण हेच.

तिसरी गोष्ट, आकाशातही रस्ते असतात. विमान एका ठरलेल्या बिंदूवरून दुसऱ्या बिंदूकडे जाते. काही भाग हवाई दलासाठी राखीव असतात, ते टाळावे लागतात. आणि विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरते. वारा उलट दिशेचा असला तर गावावरून पुढे जाऊन, वळून, मागे यावे लागते. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर पश्चिमेचा वारा असतो. तो ताशी पन्नास किलोमीटर पाठीशी लागला असे धरा. मग एटीआरचा वरचा वेळ ८४ मिनिटांवरून ७६ वर येतो. परतताना तोच वारा समोरून आला की ९३ होतो. जाताना लवकर पोचलो आणि येताना उशीर झाला, याचा दोष दरवेळी वैमानिकाला देऊ नये.

पण श्रोतेहो, हे सगळे धरले तरी ते एक तास वीस मिनिटेच झाले. प्रवास त्याहून मोठा असतो. आपण जरा घरच्या दारापासून मोजू. घरापासून विमानतळ अर्धा तास. सुटण्याच्या दीड तास आधी पोचलो. विमानाचे एक तास वीस मिनिटे. उतरून सामान घेईपर्यंत वीस मिनिटे. तिथून मुक्कामाला अर्धा तास. बेरीज झाली चार तास दहा मिनिटे. या अडीचशे मिनिटांत आपण आकाशात होतो तासभर. बाकी तीन तास जमिनीवर होतो.

आता एक प्रयोग करा. विमानाचा वेग आठशेऐवजी नऊशे केला. किती वाचले? सहा मिनिटे. आणि विमान तेच ठेवून दीड तास आधी पोचण्याऐवजी तासभर आधी पोचून भागले, तर वाचला अर्धा तास. कमी अंतरावर वेळ वाचतो तो जमिनीवर, आकाशात नव्हे. लहान विमानतळाची हीच मोठी सोय आहे. दारातून आत गेल्यापासून शिडीपर्यंतचे अंतर पायी थोड्या मिनिटांचे असते. मुंबईसारख्या ठिकाणी तेवढ्या वेळात आपण रांगेच्या शेपटापाशीच असतो.

थेट विमान नसेल आणि मुंबईवरून जायचे असेल तर काय होते तेही पाहू. कोल्हापूर–मुंबई सरळ अंतर सुमारे ३०७ किलोमीटर, मुंबई–नागपूर ६८३. एकूण ९९०. म्हणजे तीनशे किलोमीटर जास्त. विमानाला ते अर्ध्या तासाचे काम. पण मुंबईत उतरून दुसऱ्या विमानापर्यंत तीन तास गेले, की घरापासून घरापर्यंतचा प्रवास साडेआठ तासांवर जातो. विमाने दोन्ही वेळा वेगानेच गेली. वेळ गेला तो थांबण्यात.

या साध्या बेरजेतून एक अंदाज बांधता येतो. विमानप्रवासात अंतर कितीही असो, चढणे-उतरणे, पोचणे-थांबणे यांचे तीन-सव्वातीन तास ठरलेले असतात. चांगल्या रस्त्याने मोटार तेवढ्यात सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जाते. तेव्हा दोन गावांत दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचेच हवाई अंतर असेल तर विमानाने वेळ फारसा वाचत नाही. रस्ता सुधारला की ही मर्यादा आणखी पुढे सरकते. सातशे किलोमीटरला मात्र प्रश्नच उरत नाही. रेल्वेला एक दिवस नि एक रात्र, मोटारीला चौदा-पंधरा तास आणि विमानाला दारापासून दारापर्यंत सव्वाचार तास.

असे असूनही मी या सव्वाचार तासांवर पूर्ण विश्वास ठेवायला तयार नाही. कारण यात एक गोष्ट मोजलेली नाही. ती म्हणजे विमान सुटण्याची वाट.

समजा, नागपूरची मुलगी कोल्हापुरात दिली आहे. शुक्रवारी संध्याकाळी माहेराहून फोन आला, वडिलांना दवाखान्यात हलवले आहे, लगेच नीघ. विमान आठवड्यातून तीन दिवस आहे असे धरू: सोमवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवारचे निघून गेले. पुढचे सोमवारी. महाराष्ट्र एक्स्प्रेस रोज आहे. शनिवारी बसली तर ती रविवारी नागपुरात असेल. म्हणजे त्या लेकीपुरती ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी आगगाडी ताशी आठशेने जाणाऱ्या विमानाच्या एक दिवस आधी पोचली. जाहिरातीत ‘दीड तासात नागपूर’ असे लिहिलेले खोटे नसते. पण तिचा प्रवास विमान हलले तेव्हा सुरू झाला नाही, फोन आला तेव्हाच सुरू झाला.

वेगापेक्षा वेळापत्रक मोठे असते, याचा आपल्याच देशातला उत्तम दाखला नागपूरने दिलेला आहे. १९४९ साली, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि चारही नागपूरला येत. मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, उतारूही विमाने बदलत आणि मग चौघेही आपापल्या गावी परत जात. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्याला पोचे. सुरुवातीची विमाने होती डाकोटा; वेग तासाला तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. आजच्या जेटच्या निम्म्याहूनही कमी. नागपूरपासून ही शहरे सुमारे पावणेसातशे ते हजार किलोमीटरवर. तरीही रात्रीत काम होई, कारण चार विमाने रोज, ठरल्या वेळी, एका जागी येत. हळू विमान आणि चोख वेळापत्रक यांनी मिळून देश एका रात्रीचा केला होता.

आजच्या छोट्या विमानतळांचे दुखणे नेमके इथे आहे. २०१६ साली केंद्र सरकारने ‘उडान’ योजना जाहीर केली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली उड्डाणे झाली, त्यांत आपले नांदेड–हैदराबादही होते. तासाभराच्या, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला काही जागांसाठी अडीच हजार रुपयांची मर्यादा ठरली. कंपनीला येणारी तूट सरकारने साधारण तीन वर्षे भरून द्यायची, तोवर मार्ग आपल्या पायावर उभा राहील, अशी कल्पना होती. काही मार्ग उभे राहिले. काही मार्ग मुदत संपली तसे बंद पडले, तर काही त्याच्या आधीच. एखाद्या कंपनीकडे दोन-चारच विमाने असली आणि त्यांतले एक दुरुस्तीला गेले, की तीन गावांचे वेळापत्रक कोलमडते. मग लोक भरवसा सोडतात, भरवसा सुटला की जागा रिकाम्या राहतात आणि जागा रिकाम्या राहिल्या म्हणून सेवा बंद होते.

त्यात हवामानाची भर. मोठ्या विमानतळावर धुके-पावसात वैमानिकाला वाट दाखवणारी यंत्रणा चांगली असते. जिथे ती कमी, तिथे धावपट्टी जास्त लांबून डोळ्यांना दिसावी लागते. पावसाळ्यात ढग खाली आले की विमान वरून घिरट्या घालून परत जाते. काही ठिकाणी रात्री उतरण्याची सोयच नसते. सूर्य मावळला की विमानतळ बंद.

हा विषय सोयी-गैरसोयीपुरता असता तर मी एवढा वेळ घेतला नसता. पण अवयवदानाचा विचार करा. मेंदू मृत झालेल्या माणसाचे हृदय त्याच्या नातेवाइकांनी दान केले, तर ते काढल्यापासून दुसऱ्याच्या छातीत सुरू होईपर्यंत साधारण चार तासांची मुदत असते. यकृताला आठ ते बारा तास मिळतात, मूत्रपिंडाला चोवीस तास किंवा थोडे अधिक. चार तासांतला एक तास जोडण्याच्या शस्त्रक्रियेत जातो. उरले तीन. पलीकडे रुग्णालयापासून विमानतळ, इकडे विमानतळापासून रुग्णालय, आणि मध्ये सातशे किलोमीटर. विमानाचे एक तास वीस मिनिटे वजा केली तर शंभर मिनिटे उरतात. पोलीस रस्ता मोकळा करून देतात, डॉक्टर पेटी घेऊन धावतात, ते या शंभर मिनिटांसाठी. हे विमान खास मागवलेले असते, तिथे रांग नाही आणि वाटही नाही. पण रात्रीचे अकरा वाजलेले असतील आणि विमानतळावर रात्रीची सोय नसेल, तर हृदय वाया जाते. अंतर तेवढेच होते, विमान होते, वेळही पुरेसा होता; धावपट्टीवरचे दिवे तेवढे नव्हते.

म्हणून मला वाटते, दोन गावांतले अंतर किलोमीटरमध्ये सांगण्याची सवय आपण थोडी बदलली पाहिजे. राज्य मोठे आहे, हे काही बदलता येणार नाही. पण ते कोणासाठी किती मोठे, हे तासांवर ठरते. १९५३ च्या नागपूर करारानंतर विदर्भ महाराष्ट्रात आला, विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरू लागले, ते लांबच्या माणसाला सरकार जवळ वाटावे म्हणूनच ना? १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले, तेही पक्षकाराची मुंबईची खेप वाचावी म्हणून. माणसाला कामापर्यंत न्यायचे किंवा काम माणसापर्यंत आणायचे. दोन्हींत वाचवायचा असतो तो वेळच.

आपल्या गावाला नवे विमान सुरू होणार अशी बातमी आली की आपण फीत कापल्याचा फोटो पाहतो आणि तिकीट केवढ्याला ते विचारतो. ते विचारायला हवेच. पण त्यासोबत आणखी चार प्रश्न विचारावेत. आठवड्यातून किती दिवस? सकाळी जाऊन, काम करून त्याच दिवशी परत येता येते का? विमानतळावर उतरल्यावर एस. टी. स्टँडपर्यंत बस मिळते की रिक्षावाला म्हणेल ते द्यायचे? आणि पावसात किंवा अंधारात विमान उतरू शकते का? या चारांची उत्तरे समाधानकारक असतील तर ते विमान आपले. नसतील तर ती अजून घोषणाच आहे असे समजून पाठपुरावा करत राहावे.

कोल्हापूरला पहिला विमानतळ झाला तो राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली. मार्च २०२४ मध्ये तिथे नवी इमारत झाली. इमारती, धावपट्ट्या, विमाने हे सगळे हळूहळू येत आहे. आता हवी आहे ती नियमितपणाची सवय. फोन शुक्रवारी आला तरी लेक शनिवारी वडिलांच्या उशाशी असली पाहिजे. सातशे किलोमीटरला तेवढा वेळ पुरे आहे.